स्वप्नातले ‘आपण लोक’

मे महिना लागला की लंडनच्या टोकाला आमच्या पिनरच्या गल्लीतल्या चेस्टनटच्या झाडांवर पांढरे तुरे उभे राहतात आणि माझे डोळे चुरचुरायला लागतात. ‘हे फीवर’, म्हणजे परागकणांची ॲलर्जी. सगळ्या इंग्लंडला होतो, तसा मलाही होतो. कापलेल्या गवताचा ओला वास, जेवणं उरकली तरी खिडकीतून न हलणारा उजेड, बसस्टॉपवर छातीशी फाइल धरून ओठ हलवत उभी असलेली शाळेची मुलं. परीक्षांचा मोसम. इथे तो कॅलेंडर न बघताही कळतो.

यंदा शेजारच्या घरातली मुलगी ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला आहे. ती संध्याकाळी बागेत फेऱ्या मारत मोठ्यानं पाठ करते. कुंपणापलीकडून मला तिचे शब्द ऐकू येतात. कुठलीशी जुनी अमेरिकन कादंबरी आहे, आणि तिच्याबरोबर शाळेनं दिलेलं ठरलेलं उत्तर. अमेरिकन स्वप्न मुळात सुंदर होतं, लोभामुळे ते नासलं. हे एकच वाक्य ती घोकत असते, येताना एकदा, जाताना एकदा. मी कपडे वाळत घालता घालता ऐकते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्या बिचारीचा काही दोष नाही. पण हेच वाक्य एका उन्हाळ्यात माझ्या मुलीच्या माथी मारलं जात होतं, आणि त्या उन्हाळ्याचा राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही.

माझी मुलगी तेव्हा सतरा-अठराची. आता मँचेस्टरला नोकरी करते. शाळेत तिला सगळे मित्रा म्हणायचे, घरात मितू. तिला इंग्रजी साहित्याचं वेड होतं. तिच्या खोलीत जमिनीवर, उशीखाली, बाथरूमच्या खिडकीत अमेरिकन कादंबऱ्या पडलेल्या असायच्या. मी लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणारी बाई. मला त्यातलं काय कळणार? पण तिनं अर्ध्या टाकलेल्या कादंबऱ्या मी कामावर जाताना ट्यूबमध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेत, वाचायला लागले आणि गुंतले. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा सांगाडा मला ओळखीचा वाटला. कोणीतरी कुठून तरी रिकाम्या हातानं येतो. कष्ट करतो. घर बांधतो. दिवे लावतो. ज्यांना बोलावतो ते येतात, खातात-पितात, हसतात आणि जाताना आपसात कुजबुजतात: पण हा आहे कुणाचा कोण? शेवटी तो माणूस कोसळतो. आणि वाचणारे हळहळतात की अरेरे, फार हाव केली त्यानं.

मला तेव्हाही कळेना, हाव त्याची कशी? हाव तर दाराशी उभं राहून नावं विचारणाऱ्यांची.

तर मितूला परीक्षेसाठी कोणीतरी शिकवायला हवं होतं. स्टॅनमोरला एक काका राहायचे. प्रभाकरकाका. लंडनच्या शाळांमधून आयुष्यभर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, आणि मराठी मंडळाच्या मुलांना रविवारी आपल्या घरी हौसेनं, फुकट शिकवणारे. मितू ख्रिसमसच्या सुट्टीनंतर त्यांच्याकडे जायला लागली. मागच्या काचेच्या खोलीत पाचसहा मुलं, खिडकीत त्यांच्या बायकोनं, कुंदाकाकूंनी, जपलेली तुळस, बाहेर लॉनवर खारी. मी गाडी घेऊन न्यायला जायचे तेव्हा क्लास बहुतेक लांबलेलाच असायचा, मग मी स्वयंपाकघरात काकूंशी बोलत बसायचे.

आणि हे मी कबूल करते, नव्हे ठासून सांगते, की काका फार उत्तम शिकवायचे. एकेका वाक्यापाशी थांबायचे. “पार्टीचं वर्णन वाचताना पाहुणे मोजू नका. दार कोण उघडतंय ते बघा,” असं एकदा ते मुलांना म्हणाले, आणि स्वयंपाकघरात माझ्या हातातला कप तसाच राहिला. मितूनं ते वाक्य मनावर कोरून घेतलं. घरी येऊन ती प्रत्येक कादंबरीत दार उघडणारी माणसं शोधायला लागली. अर्ध्या वाक्यात येऊन जाणारा काळा ड्रायव्हर. नाव नसलेली मोलकरीण. ज्यांच्या जमिनीवर ते सगळं उभं राहिलं, त्यांचा तर उल्लेखही नाही. “आई, हे स्वप्न ज्याचा होता ना, त्याला ते बघायची गरजच नव्हती,” ती तिच्या मोडक्या मराठीत मला म्हणाली. “ही ऑलरेडी हॅड द हाउस.”

एप्रिलमधल्या एका रविवारी काकांनी तिला तिचा निबंध सगळ्यांसमोर वाचायला लावला. मी दारातच उभी होते. ती वाचत गेली. स्वप्न नासलं म्हणायला आधी ते कधीतरी धड असावं लागतं, ते कुणासाठी धड होतं, असं काहीसं ते होतं. तिचा आवाज आधी कापत होता, मग कापायचा थांबला. वाचून झालं तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या.

“वा! फर्स्ट क्लास!” ते म्हणाले. “महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमात हेच वाचायचं. मराठीत थोडं, इंग्रजीत थोडं. आपण लोक इथे आलो तेव्हा काय होतं आपल्याकडे? अमेरिकन लेखकांनी स्वप्न लिहिलं, पण ते खरं करून दाखवलं आपण लोकांनी, इथे, हॅरोमध्ये! बरं, पत्रिकेत नाव छापायचंय. मित्रा म्हणजे सुमित्रा ना?”

“नाही काका. संघमित्रा.”

काकांचं पेन थांबलं. फार नाही, श्वास घेण्यापुरतं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. त्यामुळे आतापर्यंत त्यांनी आपल्या मनानं आम्हाला कुठेतरी ठेवून दिलं असणार. आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अच्छा,” ते म्हणाले. “ऐतिहासिक नाव. तुमच्यात अशीच नावं ठेवतात, नाही?”

गाडीत मितू खुशीत होती. “काका वॉज सो हॅपी, ना?” मी हो म्हटलं आणि गाडी चालवत राहिले. त्या थांबलेल्या पेनाची शांतता मला पाठ होती. पुण्यात एमएस्सीला असताना मी खोली शोधत हिंडायचे तेव्हा ती पहिल्यांदा भेटली होती. बाई हसून दार उघडायच्या, पाणी द्यायच्या, खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड दाखवायच्या. मग मूळ गाव, मग आडनाव, मग तीच छोटीशी शांतता. आणि मग अचानक त्यांना आठवायचं की पुढच्या महिन्यात भाचा येणार आहे राहायला. किती भाचे होते त्या शहरात! माझे वडील नांदेडकडे शाळामास्तर. प्रत्येक बदलीत त्यांनीही अशीच दारं पाहिली होती. पण घरी येऊन ते एवढंच म्हणायचे, खोली जरा लहान होती. लग्नानंतर मिलिंदबरोबर मी इंग्लंडला आले आणि माझं आडनाव इथे कुणाला धड उच्चारताच येत नाही हे बघून मला केवढा आनंद झाला होता! बँकेतली मुलगी त्याचे तीन तुकडे करायची, चौथा गिळायची. मला वाटायचं, कर बाई, अजून चार तुकडे कर.

त्याच आठवड्यात काकांचा फोन आला. “मीनाताई, कार्यक्रम जरा लांबतोय. आणि मित्राचं भाषण, म्हणजे उत्तमच आहे, पण जरा पोलिटिकल होतंय. सणासुदीला नको. पुढच्या वर्षी बघू.”

“रविवारी तर तुम्हाला फर्स्ट क्लास वाटलं होतं,” मी म्हटलं.

“हो, हो, वाङ्मय म्हणून. व्यासपीठ वेगळं.”

मी मितूला सांगितलं की कार्यक्रम लांबतोय, तिच्या भाषणाला वेळ उरत नाही. काकांच्या बोलण्यातलं एवढंच मी पुढे पोचवलं, आणि खरं काय हे परीक्षेच्या तोंडावर तिच्यापुढे मांडायला माझी जीभ उचलेना. पुढच्या रविवारी तिला न्यायला गेले तेव्हा काका फाटकापर्यंत आले. त्यांना बहुधा माझी समजूत घालायची होती.

“तुम्हा लोकांचं मला खरंच कौतुक आहे,” ते म्हणाले. “इथे येऊन स्वतःच्या हिमतीवर केलंत. तिकडे सगळं आयतं मिळतं, म्हणून किंमत राहत नाही. इथे कसं, ज्याच्यात धमक तो वर येतो.”

माझ्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या. “काका, तुमचं आडनाव तुम्हाला आयतंच मिळालं ना? त्याचे मार्क कधी मोजलेत तुम्ही?”

ते हसले. मी विनोद केला असं त्यांनी ठरवून टाकलं. “अहो, मनाला लावून घेऊ नका. मी जातपात मानतच नाही. माझ्या घरात सगळे येतात.”

सगळे येतात! हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी दिवस भांडी घासताना, टेस्ट ट्यूब लावताना, ट्यूबची वाट बघताना चघळलं. घर तुमचं, दार तुमचं, आणि आम्ही येतो हे तुमचं औदार्य. आणि ज्या देशात तुम्ही आलात तिथल्या गोऱ्या हेडमास्तरानं तुम्हाला असंच म्हटलं असतं तर? त्याचे किस्से तर तुम्ही मंडळात अजून सांगता. स्टाफरूममध्ये तुमच्या डब्याच्या वासावर कोण काय बोललं, प्रमोशनला तुमचं नाव कसं गाळलं. ते सांगताना तुमचा गळा दाटतो. मग हा गळा आमच्या बाबतीत कोरडा कसा राहतो?

कार्यक्रमाला आम्ही गेलो. जायचं नाही असं मी म्हणत होते, पण मितूला मैत्रिणींना भेटायचं होतं. हॅरोतला हॉल, शाळेच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापावचा घमघमाट, फेटे बांधलेली मुलं आयपॅडवर खेळताहेत. काकांनी प्रास्ताविकात सांगितलं की आपण लोक रिकाम्या हातांनी आलो आणि निव्वळ गुणांवर उभे राहिलो. टाळ्या पडल्या. मितूच्या जागी त्यांच्याच क्लासमधल्या तन्वीनं हार्ड वर्कवर भाषण केलं. मग अंताक्षरी सुरू झाली ती संपेचना. पुरुष विरुद्ध बायका, मग तरुण विरुद्ध ज्येष्ठ. मितू माझ्याकडे वळली. तिचा चेहरा आधी नुसताच गोंधळलेला होता.

“आई, दे हॅड टाइम फॉर अंताक्षरी?”

घरी आल्यावर मिलिंदनं तिला समोर बसवून सगळं सांगितलं, काकांच्या फोनसकट. तो आवाज न चढवता बोलतो. जात हा शब्द तिनं ऐकला नव्हता असं नाही. आमच्या हॉलमध्ये निळ्या कोटातला तो फोटो तिच्या जन्माआधीपासून आहे, जयंतीला ती त्याच्यापुढे मेणबत्ती लावते, वंदना म्हणते. पण ते तिच्यासाठी आजोबांच्या गावचं, जिंकून झालेलं युद्ध होतं. ते स्टॅनमोरच्या काचेच्या खोलीत, तुळशीशेजारी बसलेलं असेल असं तिला कोण सांगणार होतं? आम्हीच दोघं. ते आम्हाला सांगावं लागलं याचा राग मला काकांवरच्या रागापेक्षाही जास्त आला असेल. कुणावर, ते मला माहीत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे माझ्याबद्दल त्याला काहीच नवीन नाही कळला. फक्त नाव कळला.”

आम्ही म्हटलं, क्लास सोड. ती म्हणाली, एकदा जाणार. मे महिन्याच्या मध्यावर शेवटचा क्लास होता. त्या दिवशी मी आधीच जाऊन काकूंपाशी बसले. काचेच्या खोलीचं दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. काका उजळणी घेत होते. स्वप्न सगळ्यांसाठी खुलं होतं, माणसाच्या लोभानं ते बिघडवलं, हा मुद्दा आधी लिहायचा, मग पुरावे द्यायचे.

“काका, खुलं कोणासाठी?” मितूचा आवाज.

“परीक्षेत तेवढं खोलात जायचं नसतं.”

“ओके. मग दुसरा प्रश्न. माझा भाषण पोलिटिकल कधी झाला? नाव विचारायच्या आधी, का नंतर?”

कुणीतरी खुर्ची सरकवली. मी उठून दारापाशी गेले. मुलं वह्यांकडे बघत होती. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“हे असं विचारायला तुला कोणी शिकवलं?”

“तुम्हीच,” मितू म्हणाली. “दार कोण उघडतं ते बघा, म्हणालात.”

माझ्या मागून कुंदाकाकू आल्या. त्यांच्या हातात चहाचा ट्रे होता. इतक्या महिन्यांत मी त्यांना क्लासच्या मध्ये बोलताना ऐकलं नव्हतं. “अहो, तिला उत्तर द्या ना,” त्या म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “शेवटचं प्रकरण उघडा,” ते मुलांना म्हणाले, आणि पानं उलटण्याचा आवाज झाला. सगळ्यांनी उघडलं. एकूण एक मुलानं. मितूनं पुस्तक मिटलं, बॅगेत घातलं आणि ती माझ्याजवळून सरळ बाहेर गाडीपाशी गेली. संध्याकाळी तन्वीचा मेसेज आला: सॉरी अबाउट दॅट. पुढे एक हार्ट. मितूनं मला तो दाखवला आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतरचे ते तीनचार आठवडे! इतका सुंदर उन्हाळा मी इथे क्वचित पाहिला असेल. मागच्या कुंपणावर गुलाब लगडलेले, आभाळ दिवसभर निळं. आणि घरात माझी पोर कादंबरीचं पान उघडून त्याच्याकडे नुसती बघत बसलेली. “आता मी वाचते तर त्याचा आवाज ऐकू येतो,” ती म्हणायची. ज्या माणसानं तिला वाचायला शिकवलं त्यानंच तिचं वाचन नासवलं होतं. एखाद्या गाढवानं हे केलं असतं तर मी विसरले असते. पण काकांना सगळं कळत होतं. बाहेर उभ्या राहिलेल्या माणसाच्या मनात काय चालतं, हे ते पानापानातून उलगडून दाखवायचे. कागदावरच्या गोऱ्या माणसासाठी त्यांचे डोळे भरून यायचे. त्यांच्याच खोलीत समोर बसलेली मुलगी मात्र त्यांना दिसली नाही. मग साहित्य कशासाठी शिकवतात ही माणसं? उसासे टाकता यावेत म्हणून?

जूनमध्ये पेपर झाला. शाळेतल्या शिक्षिकेनं तिला बजावलं होतं की ठरल्या चौकटीतच लिही. प्रश्न स्वप्नावरचाच आला. शाळेच्या फाटकापाशी ती लाल डोळ्यांनी बाहेर आली. ते हे फीवरनं की रडून, मी विचारलं नाही. “मला जे म्हणायचं होतं तेच लिहिलं,” ती म्हणाली. “आता मला आइस्क्रीम पाहिजे.”

ऑगस्टमध्ये निकाल लागला. ए मिळाला, हवं ते विद्यापीठ मिळालं. मिलिंद ऑफिसातून लवकर आला. आणि त्याच संध्याकाळी दाराची बेल वाजली. काका होते. एकटेच. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

हॉलमधल्या फोटोपाशी त्यांची नजर एकदा गेली आणि लगेच परतली. ते सोफ्यावर टेकले. मितू जिन्यावरून खाली आली तेव्हा त्यांनी पुडा पुढे केला. “माझी विद्यार्थिनी! मला खात्री होतीच.” तिनं थँक यू म्हणून तो घेतला. मग ते थांबले. कशाची तरी वाट बघत होते.

“त्या दिवशी सगळ्यांसमोर तू जे बोललीस,” शेवटी ते म्हणाले, “त्याचं मला फार वाईट वाटलं, बेटा. इतकी वर्षं शिकवतोय, असा अपमान कुणी केला नाही. पण मी मनात ठेवणार नाही. तू लहान आहेस. एकदा सॉरी म्हण, विषय संपला.”

मला वाटलं होतं, वेडीला, की हा माणूस माफी मागायला आलाय. तो माफी घ्यायला आला होता! पुडा हातात घेऊन, दोन बस बदलून.

“काका,” मी म्हटलं, “चहा घ्या. बसा. पण ती सॉरी म्हणणार नाही.”

“मीनाताई, तुम्ही तिला भडकवू नका. तिला बोलू दे.”

मितू उभीच होती. “तुम्ही खूप चांगला शिकवलात,” ती म्हणाली. “ते मी विसरणार नाही. पण सॉरी कशाचा? मी प्रश्न विचारला. तुम्ही अजून उत्तर नाही दिलात.”

मिलिंदनं चहा आणला. काकांनी दोन घोट घेतले, कप बशीत नीट ठेवला आणि ते उठले. मी त्यांना दारापर्यंत सोडलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ताठ चालत गेले, मग वळले.

आत आले तर मितूनं पुडा उघडला होता. जिन्याच्या पायरीवर बसून ती पेढा खात होती. “चांगले आहेत,” ती बापाला म्हणाली आणि एक त्याच्या हातावर ठेवला. त्यानंही तोंडात टाकला. ती दोघं तिच्या नव्या शहरातल्या खोलीबद्दल, उशा-पांघरुणांबद्दल बोलायला लागली. ती हसली एकदा, मोकळी, मे महिन्यापासून पहिल्यांदा. मग तिनं पुडा माझ्यापुढे धरला.

माझ्याच्यानं काही त्याला हात लावला गेला नाही.